मोठ्या सिस्टरसारखं

नवी सिस्टर बालविभागात रुजू होऊन चार दिवस झाले होते, आणि अजून तिला एकाही पेशंटचा कागद संगणकावर उघडता येत नव्हता. ताप ती मोजायची, नोंद दुसरीने करायची. औषध ती द्यायची, लिहायचं तिसरीने. शेवटी चौथ्या दिवशी सकाळी ती तडक तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन उभी राहिली.

वाचकहो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वाट्याला हे आलं असेल. कचेरी कुठलीही असू द्या, माणूस कामावर सोमवारी येतो आणि काम करायची परवानगी पुढच्या आठवड्यात येते. मधले दिवस तो पाहुण्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसून काढतो, आणि वर साहेब विचारतात की तुम्ही दिवसभर करता काय!

कोपऱ्यातल्या खोलीला एकच खिडकी होती आणि तीही धोब्याच्या अंगणात उघडायची. टेबलावर दोन स्क्रीन, अर्जांचा एक ट्रे, आणि ट्रेमागे बसलेले छप्पन्न वर्षांचे गृहस्थ. त्यांच्या हुद्द्याचं नाव इतकं लांब होतं की ते त्यांच्याही लक्षात राहत नसे. हॉस्पिटलच्या संगणकावर कोणी काय उघडायचं आणि काय नाही, हे त्यांच्या हातात होतं, म्हणून सगळे त्यांना किल्लीवाले म्हणत.

"काका, माझं खातं..." नवी सिस्टर म्हणाली.

"अर्ज?"

"सोमवारीच दिलाय. तुमच्या त्या ट्रेमध्ये आहे. वरून तिसरा."

किल्लीवाल्यांनी पाहिलं. खरंच वरून तिसरा होता.

"कोणासारखं करू?"

"म्हणजे?"

"म्हणजे कोणाच्या खात्यासारखं तुमचं खातं करायचं? नाव सांगा, मी कॉपी मारतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांचं होतं तर चार दिवस..." एवढं बोलून तिने जीभ आवरली. "मेट्रनबाई म्हणाल्या, कोणासारखं नको. बालविभागाला लागतं तेवढंच द्या."

"मेट्रनबाईंना म्हणावं, तुम्ही वॉर्ड सांभाळा. मी मोठ्या सिस्टरसारखं करून देतो. त्यात सगळं येतं."

त्यांनी दोन अक्षरं टाइप केली आणि स्क्रीनवर एक पान उघडलं. कोपऱ्यात ओळखपत्राचा फोटो होता. पन्नाशीची बाई, कपाळावर एक बट सुटलेली, फोटो काढणाऱ्यावर चिडल्यासारखा चेहरा. नावापुढे हिरवा ठिपका होता आणि त्यापुढे शब्द होता, चालू.

"या मोठ्या सिस्टर कुठल्या पाळीला असतात?" नव्या सिस्टरने सहज विचारलं. "मला अजून भेटल्या नाहीत."

"नाहीत त्या आता."

"रिटायर झाल्या?"

"हं," किल्लीवाले म्हणाले आणि त्यांनी कॉपीचं बटण दाबलं.

खातं खरोखरच दोन मिनिटांत तयार झालं. नव्या सिस्टरने तिथेच उघडून पाहिलं, आणि तिचे डोळे मोठे झाले.

"काका, यात रक्तपेढी आहे. ऑपरेशन थिएटर आहे. औषधांचं कोठारसुद्धा आहे! मला हे कशाला?"

"असू द्या. असलेलं बरं."

"आणि चुकून काही दाबलं गेलं तर?"

"दाबू नका."

ती आभार मानून निघून गेली.

आता हे 'सगळं' आलं कुठून, ते सांगायला हवं. मोठ्या सिस्टरनी या हॉस्पिटलात सव्वीस वर्षं काढली होती. आधी थिएटर, मग रक्तपेढी, काही वर्षं कोठार, आणि शेवटची अकरा वर्षं बालविभागाच्या प्रमुख. जिथे गेल्या तिथली परवानगी त्यांच्या खात्यात चढली, आणि उतरली एकही नाही. घराच्या माळ्यावर सामान चढतं तसंच. त्या खात्याची कॉपी मारून मारून आज हॉस्पिटलात त्रेसष्ट जणी 'मोठ्या सिस्टरसारख्या' झाल्या होत्या. डोळ्यांच्या विभागातली सिस्टर मनात आणलं तर तान्ह्या बाळाचं औषध बदलू शकत होती. तिने तसं मनात आणलं नाही, हे त्या बाळाचं नशीब.

संगणकात यावर सोपा उपाय पहिल्या दिवसापासून होता. त्याला ग्रुप म्हणत, म्हणजे एका कामाला लागणाऱ्या परवानग्यांचा एकच गठ्ठा. डाव्या हाताला तिसरं बटण. किल्लीवाल्यांनी ते कधी दाबलं नव्हतं.

आळस म्हणाल तर तसं नव्हतं. खरं कारण वेगळं होतं आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. ग्रुप केले असते तर कॉपी मारावी लागली नसती. आणि कॉपी मारायची नसती तर ते पान उघडायला निमित्त उरलं नसतं. मोठ्या सिस्टर किल्लीवाल्यांच्या पत्नी होत्या. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

ती होती तेव्हा रोज दहाला, डॉक्टरांचा राउंड आटोपला की दोन कप चहा घेऊन खाली यायची. दहा मिनिटं बसायची. वॉर्डातली भांडणं, कोणत्या मुलाने कोणाला चावा घेतला, संध्याकाळी घरी जाताना काय न्यायचं, एवढंच बोलणं. ती गेली, पण दहा वाजायचे काही थांबले नाहीत. मग किल्लीवाल्यांनी एक सवय लावून घेतली. दहा वाजले की ते तिचं पान उघडत. शेवटचं लॉगिन, त्यापुढे तारीख. तो गुरुवार होता. खाली लिहिलेलं असे, न वाचलेले निरोप: शून्य. ते शून्य पाहून ते पान बंद करत आणि कामाला लागत. नियमाने हे चूक होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण घरी तिची खुर्ची रिकामी होती, स्वयंपाकघरात आवाज नव्हता, आणि साऱ्या जगात हा एकच कागद होता ज्यावर तिच्या नावापुढे 'चालू' लिहिलेलं होतं. तिला बघावंसं वाटलं की ते इथे येत, आणि तिला बघावंसं तर रोज वाटायचं.

त्याच दुपारी मेट्रनबाई खाली आल्या. त्या येताहेत हे जिन्यापासूनच कळायचं, कारण त्यांचे गुडघे दुखायचे आणि प्रत्येक पायरीला त्या बांधकाम करणाऱ्याचा उद्धार करायच्या. मोठ्या सिस्टरशी त्यांची तीस वर्षांची मैत्री. त्या नात्याने त्या किल्लीवाल्यांना भावजी म्हणत.

"भावजी, त्या पोरीला सगळं हॉस्पिटल बहाल केलंत म्हणे."

"काम अडायला नको म्हणून, बाई."

"चार दिवस अडलंच होतं." मेट्रनबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी गुडघा चोळला. "मला एक सांगा. वॉर्डातल्या औषधाच्या कपाटाची किल्ली कोणाची असते?"

"ड्युटीवरच्या सिस्टरची."

"ड्युटी संपली की?"

"पुढच्या सिस्टरच्या हातात देते."

"कमरेची काढून हातात देते. घरी घेऊन जाते का कोणी? एकदा एक नेत होती, तर तुमच्याच बायकोने तिला बसस्टॉपवरून परत आणली होती! मग तुम्ही काय केलंत? त्रेसष्ट जणींना त्रेसष्ट किल्ल्या करून घरी दिल्यात. बदली झाली तरी किल्ली तिच्याकडे, नोकरी सोडली तरी महिनाभर किल्ली तिच्याकडे. आणि नवीन माणूस आलं की ते चार दिवस दाराबाहेर."

"मी देतोच की प्रत्येकाला."

"तेच तर चुकतंय. तुम्ही देता. तुम्ही ओळखीने देता, आठवणीने देता, आठवलं नाही तर देत नाही. बालविभागाची सिस्टर म्हणून एक ग्रुप करा. तिला जे लागतं ते त्या ग्रुपला द्या. मग जी ड्युटीवर येईल तिला आत बसवा, जाईल तिला बाहेर काढा. माणूस बदलेल, ग्रुप तोच राहील. मला संगणकातलं काही कळत नाही, पण एवढं कळतं."

किल्लीवाल्यांनी ट्रेमधले अर्ज उगाच सारखे केले.

"आणि ती तातडीच्या निरोपांची यादी," मेट्रनबाईंनी सोडलं नाही. "लॅबमध्ये काही वाईट निघालं की आता फोन येत नाही, निरोप येतो. बालविभागाच्या यादीत तुम्ही तीन नावं घातली होतीत. एक बाळंतपणाच्या रजेवर. एक नोकरी सोडून गेली. दोघींची नावं केव्हाच निघाली. तिसरीची आज संध्याकाळी डोळ्यांच्या विभागात बदली, तिचं नाव ऑर्डरबरोबर निघेल. उद्या सकाळी निरोप कोणाला जाणार?"

"नव्या सिस्टरचं नाव घालतो."

"कधी?"

"आज घालतो, बाई. म्हटलं ना."

मेट्रनबाई उठल्या. दारापाशी थांबल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि भावजी, तिचं खातं बंद करा आता."

"नाही!" किल्लीवाल्यांचा आवाज इतका चढला की धोब्याच्या अंगणातला माणूस खिडकीकडे बघायला लागला. "घरातले तिचे कपडे दिले. तिची चष्म्याची केस दिली. बँकेतून नाव कमी केलं, रेशनकार्डावरून कमी केलं, जिथे गेलो तिथे माझ्याकडून तिचं नाव खोडून घेतलंत तुम्ही लोकांनी. एवढी एक जागा राहिलीय. ती मी खोडणार नाही."

मेट्रनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

"ग्रुप करा म्हणून तिने तुम्हाला लिहून दिलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर बसून लिहिलं होतं. तो कागद टाकलात का?"

"टाकीन कसा? इथे ड्रॉवरमध्ये आहे. जपून ठेवलाय."

"जपलात. वाचलात का?"

मेट्रनबाई जिना चढून गेल्या, आणि या वेळी त्यांनी पायऱ्यांना नावं ठेवली नाहीत.

त्या गेल्यावर किल्लीवाल्यांनी ड्रॉवर उघडून कागद काढला. वहीचं फाडलेलं पान होतं, निळ्या शाईतलं. तिचं अक्षर उजवीकडे झुकलेलं, घाईत असल्यासारखं. कागद त्यांनी शेकडो वेळा हातात घेतला होता, पण वाचला कधी नव्हता. नजर थेट शेवटच्या ओळीवर जायची, कारण ती ओळ 'अहो' या शब्दाने सुरू होत होती. तीन वर्षांत त्यांना कोणी अहो म्हणून हाक मारली नव्हती. काका म्हणत, किल्लीवाले म्हणत, भावजी म्हणत. अहो म्हणणारं माणूस एकच होतं. त्या शब्दावर आले की पुढे वाचवत नसे. आजही वाचवलं नाही. त्यांनी कागद घडी घालून ठेवला, तिचं पान उघडलं, फोटोतल्या त्या सुटलेल्या बटेकडे बघत बसले, आणि घरी जायची वेळ झाली तेव्हा निघाले. नव्या सिस्टरचं नाव यादीत घालायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेमधले अर्ज निकालात काढता काढता दहा वाजले. सवयीने त्यांनी तिचं पान उघडलं. फोटो, हिरवा ठिपका, गुरुवारची तारीख. आणि खाली लिहिलं होतं, न वाचलेले निरोप: एक.

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि परत घातला. एकच होता.

माणूस कितीही शहाणा असू द्या, मन शहाणं नसतं. पुढचे काही क्षण किल्लीवाल्यांना बाकी काही सुचलंच नाही. त्यांनी टेबलाचा काठ धरला. तिचा निरोप! तिने काहीतरी पाठवलंय! हे होऊ शकत नाही, हे कळत होतं आणि तरी वाटत होतं. त्यांनी निरोप उघडला.

बालविभाग, खाट सहा. रक्तातली साखर फारच कमी. तातडीने डॉक्टरांना कळवावे. वेळ नऊ वाजून दहा मिनिटं.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दोन मिनिटं झाली होती.

एका क्षणात सगळा हिशोब लागला. ती यादी मुळात मोठ्या सिस्टरच्या नावाने तयार केलेली होती. यादीत कोणीच उरलं नाही, तर निरोप जिच्या नावाने यादी आहे तिच्याकडे जावा, अशी सोय त्यांनीच करून ठेवली होती. तेव्हा ते नाव जिवंत माणसाचं होतं. काल संध्याकाळी तिसरं नाव निघालं, चौथं घालायचं राहिलं, आणि एका आजारी लेकराचा निरोप बावन्न मिनिटं अशा दारात पडून होता ज्याच्या आत कोणी राहत नव्हतं!

त्यांनी वॉर्डाचा फोन फिरवला. फोन लागेना. रिसीव्हर तसाच लोंबकळत टाकून ते धावले. दोन मजले. बालविभागात त्यांनी तीन वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. कामासाठी बोलावलं तरी दुसऱ्याला पाठवत. आज ते कुठे चाललोय हे लक्षातही न येता चढले.

सहा नंबरच्या खाटेवर चार वर्षांची मुलगी होती. दोन दिवस उलट्या झाल्या म्हणून भरती केलेली, हाताला सलाइन. तिची आई तिच्या पायांवरून हात फिरवत बसली होती.

"हळू हो," आई कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय तिचा. दोन रात्री झोपली नाही. उठवू नका."

"उठवा!" किल्लीवाले धापा टाकत ओरडले. "उठवा तिला! सिस्टर, साखर कमी झालीय तिची, डॉक्टरांना बोलवा!"

नवी सिस्टर टेबलावरून धावत आली. तिने मुलीच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं आणि घामाने ओलं होतं. तिने हाक मारली, गालावर चापटी मारली, मुलगी हलली नाही. पुढची दहा मिनिटं नुसती धावपळ झाली. डॉक्टर आले. बोटाला सुई टोचून साखर तपासली. हाताच्या सलाइनमधूनच साखरेचं औषध गेलं. आई भिंतीला टेकून उभी होती, तोंडावर पदर दाबून. किल्लीवाले कुठे उभं राहावं हे न कळून कपाटाला चिकटून उभे होते.

मग मुलीने डोळे उघडले. सगळ्यांकडे रागाने बघितलं आणि विचारलं, "माझी चप्पल कुठंय?"

आई जी रडायला लागली ती थांबेचना.

चप्पल खाटेखाली सापडली. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, आणि थोडं थांबून, मुलगी ठीक आहे असं दिसल्यावर, टेबलाकडे वळले. ते तरुण होते आणि गेल्याच वर्षी आलेले होते. "रिपोर्ट नऊ दहाला निघालाय. अजून अर्धा तास गेला असता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. गेला कुठे होता निरोप?"

नव्या सिस्टरचा चेहरा पांढरा पडला. "मला नाही आला, सर. शपथ घेते. माझ्या स्क्रीनवर आलाच नाही."

"ड्युटीवर तुम्ही होतात ना?"

"होते सर, पण..."

गप्प राहणं सोपं होतं. तिची नोकरी पाच दिवसांची, किल्लीवाल्यांची तीस वर्षांची. कोणाचं म्हणणं खरं धरलं गेलं असतं, हे मी सांगायला नको. किल्लीवाल्यांनी त्या पोरीकडे पाहिलं.

"त्यांची काही चूक नाही," ते म्हणाले. "निरोप माझ्या बायकोकडे गेला."

"मग त्या कुठे आहेत?"

"नाही ती. तीन वर्षं झाली जाऊन."

नवी सिस्टर किल्लीवाल्यांकडे बघत राहिली. काल 'हं' म्हणून टाळलेलं उत्तर तिला आज मिळालं होतं.

"तिचं खातं मी बंद केलं नव्हतं," किल्लीवाले म्हणाले. "मला ते बघायला लागायचं. रोज बघायचो. काय लिहायची ती तक्रार माझ्या नावाने लिहा, डॉक्टर."

परत निघताना त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. मुलांची उंची मोजायची पट्टी तिथे तिनेच रंगवलेली होती. आकडे उजवीकडे झुकलेले होते. ते तिथे दोन मिनिटं उभे राहिले. मग खाली आले, ड्रॉवर उघडला, कागद काढला, आणि या वेळी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

'बालविभाग, ड्युटीवरची सिस्टर. हिला लागतं ते: आपल्याच वॉर्डातल्या मुलांचे कागद. ताप, वजन, औषध यांच्या नोंदी. लॅबचे तातडीचे निरोप, सगळ्या पाळ्यांना. हिला लागत नाही ते: रक्तपेढी, थिएटर, कोठार, दुसऱ्यांचे वॉर्ड. बालविभाग, प्रमुख सिस्टर: वरचं सगळं, शिवाय पाळ्या लावणं. बदली झाली की त्याच दिवशी बाहेर, दुसऱ्या दिवशी नाही.'

आणि शेवटी, थोडी जागा सोडून:

'अहो, आणि माझं नाव कशालाही देऊ नका. उद्या मी नसले तर पोरांनी काय माझी वाट बघायची?'

तिने ते बदली किंवा रजा मनात धरून लिहिलं असणार. लिहिलं तेव्हा ती ठणठणीत होती. किल्लीवाले टेबलावर डोकं ठेवून रडले. तीन वर्षं त्यांनी तिचा शब्द सोन्यासारखा ड्रॉवरमध्ये जपला होता, आणि तिने जे मागितलं होतं तेवढंच केलं नव्हतं. जिला भेटायला ते रोज दहाला जात होते, ती खरी या कागदात होती, आणि ती त्यांना काहीतरी सांगत होती!

दुपारी त्यांनी मेट्रनबाईंना आणि नव्या सिस्टरला खाली बोलावलं. कागद स्क्रीनला टेकवून उभा केला आणि डाव्या हाताचं तिसरं बटण दाबलं.

"नाव मागतोय," ते म्हणाले. बोटं सवयीने तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराकडे वळली. खरं सांगायचं तर मनात आलंच होतं. तिच्याच नावाचा ग्रुप, कायमचा, कोणी खोडणार नाही असा. मेट्रनबाईंनी कागदाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

किल्लीवाल्यांनी बोट उचललं आणि लिहिलं, बालविभाग, ड्युटीवरची सिस्टर.

मग ओळीने एकेक परवानगी दिली. नवी सिस्टर मधूनमधून सांगत होती, "काका, वजनाचा तक्ताही लागतो," आणि ते घालत होते. तातडीच्या यादीतून माणसांच्या नावांची जागाच काढून टाकली आणि तिथे ग्रुप बसवला. आता निरोप आला की त्या वेळी ड्युटीवर जितक्या असतील तितक्या सगळ्यांना जाणार होता. बालविभाग त्या दिवशीच झाला. बाकीच्या वॉर्डांना महिना लागला, आणि 'माझी रक्तपेढी का काढलीत' म्हणून भांडायला आलेल्या सिस्टरांची रांग लागली ती वेगळीच. वर्षानुवर्षं न वापरलेली वस्तूसुद्धा हातातून काढून घेतली की माणसाला लुटल्यासारखं वाटतं! मेट्रनबाई जिन्यात उभ्या राहून एकेकीला परत पाठवत होत्या.

त्रेसष्टांतली शेवटची कॉपी निघाली, आणि एकच खातं उरलं. त्या दिवशी किल्लीवाल्यांनी दहा वाजायची वाट पाहिली. पान उघडलं. फोटोकडे डोळे भरून बघितलं.

"सांगितलंस ते केलं गं," ते म्हणाले. "उशीर झाला. रागावू नकोस."

नक्की बंद करायचं, असं संगणकाने विचारलं. त्यांनी हो म्हटलं. हिरवा ठिपका राखाडी झाला, आणि 'चालू' हा शब्द गेला.

मंडळी, ही गोष्ट एका हॉस्पिटलाची म्हणून सोडून देऊ नका. आपण सगळेच थोडेफार किल्लीवाले असतो. अमक्याच्या ओळखीने द्यायचं, तमक्यासारखं करायचं, आणि दिलेलं परत घ्यायला संकोच वाटतो म्हणून तसंच ठेवायचं, ही खोड आपल्या कचेऱ्यांत, संस्थांत, घरांतही मुरलेली आहे. परवानगी कामाला द्यावी, आणि माणसाला त्या कामापुरती मिळावी. माणसं येतात, बदलून जातात, आणि कधीकधी कायमची जातात. काम मात्र तिथेच राहतं, आणि त्या कामाच्या पलीकडे कोणाचं तरी लेकरू खाटेवर असतं. गेलेल्या माणसावर प्रेम असेल, तर त्याचं नाव यादीत अडकवून ठेवू नये. त्याने सांगितलेलं करावं. किल्लीवाल्यांना हे शिकायला तीन वर्षं लागली, आणि ती चप्पल शोधणारी पोर वाचली म्हणून ते शिकायला तरी मिळालं. प्रत्येकाला अशी संधी मिळेलच असं नाही!

आता कोपऱ्यातल्या खोलीत नवीन माणूस आलं की किल्लीवाले 'कोणासारखं करू' असं विचारत नाहीत. 'काम काय करणार?' असं विचारतात. निळ्या शाईचा कागद ड्रॉवरमधून निघून भिंतीवर लागला आहे. येणारे जाणारे तो वाचतात. 'अहो' वाचून काही जण हसतात, आणि किल्लीवाले त्यांना हसू देतात.

आणि दहा वाजता? दहाला उघडायला आता पान नाही. पहिले काही दिवस त्यांना हात कुठे ठेवावेत हेच कळत नव्हतं. मग एक दिवस ते दोन कप चहा घेऊन वर बालविभागात गेले, एक कप नव्या सिस्टरच्या टेबलावर ठेवला आणि उंचीच्या पट्टीजवळच्या स्टुलावर बसले. तेव्हापासून रोज जातात.

असेच एकदा ते बसले होते, आणि टेबलावरची घंटी वाजली. लॅबचा निरोप होता. वॉर्डाच्या तीन टोकांना तीन सिस्टर होत्या. एक बाळाला पुसत होती, एक पट्टी बांधत होती, नवी सिस्टर चहाचा पहिला घोट घेत होती. तिघींनी एकदम मान वर केली, आणि तिघी एकदम उठल्या. कोणाचा निरोप आहे, हे कोणी विचारलं नाही.

किल्लीवाले कप हातात धरून बघत राहिले. हे तिला सांगायला हवं, असं त्यांना फार फार वाटलं. सांगायला ती नव्हती. त्यांनी चहा संपवला, कप उचलले आणि खाली कामाला गेले.